सुलट चित्राचे दहा गुण

१

शनिवारी सकाळी दहाच्या सुमारास कुलदीप इंगळे यांनी पहिल्या नंबरची पुस्तिका उघडली. बोटाला थुंकी लावून पानं उलटली, परत मागं आले, परत पुढं गेले, आणि म्हणाले, "याच्यातलं तेरावं पान कुठं हाये?"

खोलीत बसलेल्या चौघांना आधी वाटलं, साहेबांचा चष्मा घरी राहिला असेल. कुलदीप इंगळे देऊळगाव राजाच्या ज्ञानवर्धिनी वाचनालयाचे अध्यक्ष. वाचनापेक्षा सह्या करण्याचा सराव जास्त. पण निवेदितानं पुस्तिका हातात घेतली आणि पानं मोजली. बारानंतर थेट पंधरा. मधे बोटभर रुंदीची कागदाची पट्टी तेवढी उरलेली, कडेला सुतात सरळ.

दुसरी प्रत काढली. तीच गत. तिसरी, शेवटची काढली. तिच्यातही तेरावं पान नाही.

वाचनालयाची ही स्पर्धा तशी अजब. युद्धांच्या इतिहासावरच्या छोट्या सचित्र पुस्तिका, जास्तीत जास्त अठ्ठेचाळीस पानांच्या, मागवायच्या आणि त्यांना गुण द्यायचे. जिल्ह्यात घरटी एक माणूस फौजेत गेलेली गावं आहेत, त्यामुळे पुस्तिकाही येतात ढिगानं. कुणी तोफा चितारतो, कुणी किल्ल्याचा नकाशा काढतो आणि त्यात उत्तर दिशाच विसरतो. पहिल्या येणाऱ्या पुस्तिकेच्या प्रती जिल्ह्यातल्या सगळ्या शाळांत जातात, म्हणून मान मोठा.

परीक्षक तीन. मुख्य परीक्षक वैजनाथ काटकर सर, पंच्याहत्तरीचे, निवृत्त इतिहास शिक्षक; ही स्पर्धा, तिचे नियम आणि गुणपत्रिका सगळं त्यांच्या हातचं. दुसरी निवेदिता, शाळेतली चित्रकला शिक्षिका आणि सरांची जुनी विद्यार्थिनी. चित्रं आणि नकाशे तिच्याकडे. तिसरे वाहेदभाई बाइंडर, छपाई-बांधणी तपासणारे. गुणपत्रिकेत सहा रकाने होते. त्यातला चौथा नव्या परीक्षकाला हमखास हसवायचा: 'छायाचित्रे सुलट छापली आहेत का? गुण १०.' दहा गुण नकाशालाही नव्हते. पण सरांचा हट्ट. "चित्र पाहताना आधी शर्टाच्या गुंड्या बघ," हे त्यांनी निवेदिताला पहिल्याच वर्षी शिकवलं होतं.

यंदा पहिली आली होती शेगावच्या नीरजा देशमुख या प्राध्यापिकेची पुस्तिका. एकाहत्तरच्या लढाईत याच तालुक्यातले जे जवान पडले त्यांच्यावर. सहा वर्षं खपून केलेली. निकाल रविवारी सकाळी जाहीर व्हायचा होता.

आणि स्पर्धेचा सातवा नियम सगळ्यांना तोंडपाठ होता. कोणत्याही प्रतीत एक पान जरी कमी असलं, तरी पुस्तिका बाद.

"नियम म्हंजे नियम," कुलदीप म्हणाले, पण पुस्तिका परत ओढून घेऊन ती पट्टी बघत राहिले. मग ठरलं की रविवारपर्यंत पानाचा आणि ते कापणाऱ्याचा छडा लागला तर पुस्तिका राहील, नाही तर दुसऱ्या नंबरला बढती. छडा लावायचा कुणी? शुक्रवारी निवेदितानं आपली प्रत कपाटात ठेवली तेव्हा ती पूर्ण होती; त्यानंतर, म्हणजे दुपारी चारनंतर, वाचनालयात कोण कोण होतं ते काढलं. सर बेरजा तपासत होते. वाहेदभाई रजिस्टर बांधून घेऊन आले होते. कुलदीप सह्या करायला आले होते. आणि लेखनिक कुशल तर तिथलाच. कपाटाची किल्ली त्याच्याच टेबलाच्या खणात, आणि खणाला कुलूप नाही हे अख्ख्या गावाला ठाऊक. फक्त निवेदिता आपली प्रत देऊन चारच्या आतच निघून गेली होती.

"मग तूच बघ, निवेदिता," सर म्हणाले. "तुझ्यावर कुणाचा संशय नाही."

दुसऱ्या नंबरला कोणाची पुस्तिका आहे, हे तिनं यादीत पाहिलं आणि ती चमकलीच. जयमाला तायडे. म्हणजे कुशल तायडेची बायको.

२

कुशलला तिनं बाजूला घेतलं तेव्हा तो घामानं निथळत होता. पुस्तिका बायकोच्या नावावर असली तरी मजकूर त्याचाच, हे त्यानं विचारायच्या आधीच कबूल केलं. चोराच्या मनात चांदणं म्हणतात तसंच सगळं दिसत होतं. पण कुशल गप्प बसणाऱ्यातला नव्हता.

"मॅडम, मले नंबर पाह्यजे होता, हाव. पण मी कापलं असतं त एकाच प्रतीतलं कापलं असतं ना. नियम काय म्हणते? एक पान गेलं का पुस्तिका बाद. मंग तीन येळा ब्लेड काऊन फिरवू?"

निवेदिताला ते पटलं. माणूस घाबरला होता, पण हिशेबाला पक्का. नुसती पुस्तिका बाद करायची असती, तर एक प्रत पुरली असती. ज्यानं तिन्ही कापल्या, त्याला ते पानच कुणाच्या नजरेस पडू द्यायचं नव्हतं.

ती वाहेदभाईंच्या दुकानात गेली. ते खळ ढवळत बसले होते. त्यांनी हात पुसले, प्रत उजेडाला धरली, बोटानं ती पट्टी चाचपली.

"बाइंडरचं काम नाही हे," ते म्हणाले. "मी असतो त पिना उघडून अख्खा जोडकागद काढला असता, परत पिना मारल्या असत्या. तुमाले पत्ता लागला नसता."

मग त्यांनी समजावून सांगितलं. मधोमध पिना मारलेल्या पुस्तिकेत प्रत्येक पानाचा जोडीदार पलीकडच्या बाजूला असतो. तेरावं पान अगदी कण्याजवळ कापलं, तर जोडीचं पस्तिसावं पान सुटून हातात येतं. ज्यानं कापलं त्याला हे माहीत होतं, म्हणून त्यानं बोटभर पट्टी ठेवली. पोलादी पट्टी धरून दाढीच्या ब्लेडनं कापलं. हातात बाइंडरची सफाई नाही, पण बाकीच्या पुस्तकाला इजा होऊ नये याची काळजी मात्र मोठी.

"ज्यानं नाश केला ना मॅडम, त्याले त्या पुस्तकाची कदर हाये," वाहेदभाई म्हणाले. "हेच मले समजून नाही राह्यलं."

उरले कुलदीप. त्यांना विचारणं अवघड होतं, कारण त्या पानावर त्यांचे वडील होते. तेराव्या पानावर पाच जवानांचा जुना फोटो होता, एवढं तिला आठवत होतं. त्यातले दोघं इथले. एक भिकाजी इंगळे, ज्यांच्या नावाचा चौक बसस्थानकाच्या वाटेवर आहे. चौकीवर शेवटपर्यंत मशीनगन सोडली नाही, तिथंच पडले. दुसरा त्र्यंबक मिसाळ, वायरलेस संच सांभाळणारा. तो मोर्चा सोडून मागं पळाला आणि पळता पळता मारला गेला. सरकारनं दोन्ही घरांना सारखंच कळवलं होतं, पण गाव काही सरकार नाही. त्र्यंबकची बायको तानाबाई, लग्नानंतर नवऱ्याला जेमतेम अकरा दिवस पाहिलेली. सासरच्यांनी तिला बाहेर काढलं. ती दुसरबीडच्या बाजूला भावाकडे गेली, अंगणवाडीत मदतनीस म्हणून राबली, आणि आजही लोक तिला 'पळपुट्याची' म्हणून ओळखतात. शाळेत पोरं पळापळीच्या खेळात हरणाऱ्याला 'मिसाळ' म्हणतात, आणि मास्तरही हसतात.

कुलदीप चौकातल्या पाटीखाली गाडी लावून आतच बसले होते. निवेदितानं प्रश्न विचारला तेव्हा ते रागावले नाहीत. ते म्हणाले की वडील गेले तेव्हा ते आईच्या पोटात होते. घरात वडिलांचा फोटो नाही. सरांच्या जुन्या पुस्तकातल्या चित्रात नुसते पाच काळे डाग. नीरजाबाईंच्या पुस्तिकेत फोटो स्वच्छ आलाय असं कळलं, म्हणून सकाळी सगळ्यांच्या आधी त्यांनी ते पान शोधलं.

"त्रेपन्न वर्सांचा झालो मी," ते म्हणाले. "बापाचं तोंड पाह्याचं होतं फक्त."

हा माणूस ते पान कापणार नाही, हे निवेदिताला कळलं. मग राहिलं कोण, हा विचार तिनं मनातून लोटून दिला.

३

दुपारी तिनं शेगावला फोन लावला. नीरजा आधी रडली, मग चिडली, मग कामाला लागली. तिच्याकडे पानाची संगणकातली प्रत होती; ती तिनं फोनवर पाठवली. फोटो मिळाला कुठून, हेही सांगितलं. त्या लढाईतून जगून आलेला एक हवालदार होता. आता तो हयात नाही, पण त्याच्या मुलीकडे मूळ छाप निघाला. मागं पाच नावं, डावीकडून उजवीकडे.

निवेदितानं फोटो मोठा करून पाहिला. पाच जवान ओळीत. डाव्या टोकाला वायरलेस संच पाठीवर घेतलेला. उजव्या टोकाला मशीनगन खांद्यावर. खाली नावं. पहिलं भिकाजी इंगळे. पाचवं त्र्यंबक मिसाळ.

तिनं परत वाचलं. डोळे चोळून परत वाचलं. मशीनगन त्र्यंबकच्या खांद्यावर होती.

तिनं स्वतः या फोटोला पूर्ण गुण दिले होते. वाहेदभाईंनी छपाईला दिले होते. आणि नीरजानं तर त्याच पुस्तिकेत विसाव्या पानावर लिहिलं होतं की भिकाजींनी मशीनगन सोडली नाही. लिहिणारीला कळलं नाही, तपासणाऱ्यांना कळलं नाही. जे आपण लहानपणापासून ऐकलेलं असतं ते माणूस वाचत नाही, नुसता मान डोलावतो.

ती धावतच वाचनालयात आली आणि संदर्भाच्या कपाटातून चोवीस पानांची पिवळी पडलेली पुस्तिका काढली. सन चौऱ्याहत्तर. लेखक वै. का. काटकर, वय तेव्हा चोवीस. तालुक्याला भिकाजी आणि त्र्यंबक यांची गोष्ट याच पुस्तकानं सांगितली होती. त्यात तोच फोटो, छपाईच्या धातूच्या ठोकळ्यावरून छापलेला, तोंडं शाईत बुडालेली. पण इथं मशीनगनवाला डावीकडे होता. पहिलं नाव, भिकाजी इंगळे.

दोन्हींतला एक फोटो उलटा होता. कोणता? गुंड्या बघ. जुन्या चित्रात तोंडं दिसत नव्हती, पण शर्टाची पट्टी दिसत होती. पाचही जवानांच्या शर्टाची उजवी बाजू डावीवर चढलेली, बायकांच्या ब्लाउजसारखी. पाचही जणांची घड्याळं उजव्या मनगटावर. फौजेतले पाच जण एकाच वेळी उजव्या हाताला घड्याळ बांधत नाहीत.

उलटा फोटो सरांच्या पुस्तकातला होता. त्या एका उलट्या ठोकळ्यानं एका माणसाचा चौक केला आणि दुसऱ्याची शिवी केली. निवेदिता कपाटाला टेकून खालीच बसली.

हे पान कुणाला नको होतं? ज्याला ते पाहून काही कळलं त्यालाच. आणि कळायला आधीपासून ठाऊक असायला हवं.

तिनं गुणपत्रिकांची फाइल ओढली. सरांच्या हातच्या सगळ्या पत्रिका काढल्या. बाकी सोळाच्या सोळा पुस्तिकांना चौथ्या रकान्यात गुण होते. कुणाला दहा, कुणाला चार. नीरजाच्या पुस्तिकेला इतर सगळे रकाने भरून एकूण बेरीजही मांडलेली होती. चौथा रकाना तेवढा कोरा.

४

सरांनी दार उघडलं आणि तिच्या हातातली पिवळी पुस्तिका पाहिली. ते आत गेले. परत आले तेव्हा हातात एक जाड लिफाफा होता. त्यात कापलेली तीन पानं नीट एकावर एक ठेवलेली होती. जाळता आली असती, पण आयुष्यभर कागद जपलेल्या माणसाचा हात तिथं चालला नव्हता.

त्यांनी सगळं सांगितलं, खुर्चीच्या कडेवर बसून. हवालदार लढाईच्या दोनच दिवस आधी त्या तुकडीत आलेला. चेहरे ओळखायचा, नावं नाही. त्यानं पोस्टानं फोटोची काच, म्हणजे निगेटिव्ह, पाठवली आणि छापाच्या मागं लिहिलेल्या नावांची नक्कल. मशीनगनवाला राहिला, वायरलेसवाला मागं पळाला, एवढं कळवलं. ठोकळा करणाऱ्यानं काच उलटी धरली. सरांनी छापलेलं चित्र समोर ठेवून डावीकडून नावं लावली आणि गोष्ट लिहिली. फौजेतून कुणी तपासून बघावं असं काही नव्हतं. तालुक्याच्या चोवीस पानी पुस्तकाला कोण विचारतो.

निवेदितानं विचारलं, चूक कळली कधी? तिला वाटत होतं, ते म्हणतील या महिन्यात. पुस्तिका हातात आल्यावर.

"एक्याऐंशी साली," सर म्हणाले. "हवालदाराला माझं पुस्तक उशिरा मिळालं. त्यानं पत्र लिहिलं, गुरुजी, तुमचं चित्र उलटं आहे."

एक्याऐंशी. निवेदिताचा तेव्हा जन्म झालेला नव्हता. ज्या माणसानं तिला बघायला शिकवलं, तो चव्वेचाळीस वर्षं हे पोटात ठेवून फळ्यासमोर उभा होता.

"चौकाला नाव देऊन झालं होतं," सर म्हणत होते. "भिकाजीची बायको अन्नपूर्णाबाई गावातच होती, पोर नऊ वर्षांचं. तानाबाई तोवर गाव सोडून गेली होती. मी म्हटलं, एक बाई सोसतेच आहे. दुसरीला त्यात कशाला लोटायचं? मग स्पर्धा काढली. तो रकाना घातला. दुसऱ्या कुणाच्या हातून असं होऊ नये म्हणून."

"आणि नीरजाच्या पुस्तिकेला कमीच गुण का नाही दिले तुम्ही? पान कापायची पाळीच आली नसती."

सरांनी तिच्याकडे आश्चर्यानं पाहिलं. "पुस्तिका उत्तम आहे," ते म्हणाले. "खोटे गुण मी कधी दिलेले नाहीत."

निवेदिताला हसावं की रडावं ते कळेना. माणूस किती ठिकाणी खरा असतो, आणि नेमका कुठं खोटा. ती उठली. तिनं एवढंच सांगितलं की हे दोन घरांत सांगावं लागेल, आजच, आणि ते सरांनीच सांगायचं.

५

कुलदीपना त्यांनी वाचनालयात सांगितलं. कुलदीपनी पान हातात घेतलं. डाव्या टोकाच्या, संच पाठीवर घेतलेल्या जवानाकडे पाहिलं. कान त्यांच्यासारखेच होते, हनुवटीही. ज्या चेहऱ्याची त्यांनी इतकी वाट पाहिली होती, तो असा भेटला. मग खिशातून गाडीची किल्ली काढून म्हणाले, "चला. तानामावशी दुसरबीडच्या अलीकडंच राह्यते."

गाडीत सर पुढं बसले, निवेदिता मागं.

तानाबाई ओट्यावर तूर पाखडत होती. बहात्तर वर्षांची, काटक, हात झपाझप चालणारे. तीन शहरी माणसं पाहून तिनं आधी विचारलं की कोणाचं काही बरंवाईट झालं का. सर अंगणातच थांबले. शेवटी निवेदितानंच पान तिच्यापुढं धरलं आणि म्हणाली, "मावशी, यातलं कोणी ओळखू येते का?"

तानाबाईनं पदरानं बोटं पुसली. अकरा दिवस पाहिलेला माणूस, चौपन्न वर्षांपूर्वी. तिचं बोट पहिल्या चौघांवर थांबलंसुद्धा नाही. ते सरळ उजव्या टोकाला गेलं.

"हे आमचे," ती म्हणाली. "भिवईवर खोक हाये, बैलानं मारली होती." मग तिनं खांद्यावरच्या बंदुकीकडे पाहिलं. "हे काय हाये त्याईच्या खांद्यावर?"

मग सर बोलले. काच, ठोकळा, नावं, एक्याऐंशी सालचं पत्र. काही लपवलं नाही, आणि काही सजवलंही नाही. तानाबाई ऐकत होती. डोळे कोरडे होते. शेजारची बाई कुंपणाशी येऊन उभी राहिली, तरी तिचं लक्ष गेलं नाही.

"लोकाईचं सोडा," ती हळूच म्हणाली. "मी बी मानलं. पितरपाटात सगळ्याईच्या नावानं पान वाढलं मी. सासू, सासरा, भाऊ. याईच्या नावानं एक डाव नाही वाढलं. म्या म्हटलं, पळाला त तिकडंच खाय."

कुलदीपनी आपण भिकाजींचा मुलगा असल्याचं सांगितलं आणि ते हात जोडून उभे राहिले. माफी मागावी तर कशाची, आणि न मागावी तर कशी, हे त्यांना सुचत नव्हतं. ते म्हणाले की उद्याच्या निकालात हे पान वाचलं जाईल, पुस्तिका शाळाशाळांत जाईल, चौकाची पाटीही बदलेल. आपल्या बापाचं काय होईल, हे त्यांनी काढलंही नाही.

तानाबाईनं त्यांना खाली बसवलं. त्यांच्या पाठीवर हात ठेवला.

"आईक. पळाला म्हणून सांगणारा दोन दिसाचा पाव्हणा होता. त्यानं अंधारात पाठ पाह्यली, मन नाही पाह्यलं. वायरलेसवाला मांगं गेला असन त मदतीसाठी निरोप द्याले गेला असन. जरा उंचावर गेल्याबिगर ते यंत्र ऐकू येत नसन. पन्नास वर्सं मी रोज मनाले हेच सांगलं बापू. रातच्याले मानाचं, दिवसा लोकाईनं हसलं का मोडून जायचं. पण त्याच्यावरच जगली मी." ती थांबली. "मले आता ते लागत नाही. तू ठेव."

कुलदीप इंगळे, त्रेपन्न वर्षांचा माणूस, ओट्यावर तोंड लपवून रडला.

सर अजून अंगणात उभेच होते. त्यांना कुणी बस म्हटलं नव्हतं. ते एक पाऊल पुढं आले, वाकले, तिच्या पायांकडे हात नेला. तानाबाईनं पाय मागं घेतले. रागानं नाही, सावकाश.

"गुरुजी," ती म्हणाली, "याले द्याले मायापाशी काहीतरी होतं. तुमच्यासाठी काईच नाही."

तिनं सूप उचललं आणि ती परत तूर पाखडू लागली.